सरुबाईचा वेगळा प्याला

— नाही साहेब, वाचता येत नाही म्हणून या माफीच्या कागदावर अंगठा देत नाही, असं नाही ते. तुम्ही आत्ता वाचून दाखवलंत, मी ऐकलं. 'प्रभुभोजनाच्या वेळी माझ्या हातून जो गैरप्रकार घडला' — घडला म्हणे. घडला कुठे, मी केला. आणि 'पुन्हा घडणार नाही' हे चर्चच्या पंचांनी माझ्या वतीने लिहून टाकलंय, मला न विचारता. बसा तुम्ही, उभे का? ती खुर्ची नको, तिचा पाय लुळा आहे, बाकावर बसा. मला बोलायला वेळ लागतो. तुम्ही तरुण पाळक, तुम्हाला चार ठिकाणी जायचं असेल, पण आज जरा थांबा.

बत्तीस वर्षं झाली मला या चर्चमध्ये. घंटा वाजवतो, बाकं पुसतो, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं मेज मांडतो. तुम्ही सातवे पाळक. आल्या-आल्या चार रविवार तुम्ही पवित्रतेवर बोललात — रोजच्या जगण्यातली पवित्रता, नुसती रविवारची नव्हे. चांगलं बोललात, मी मागे दाराशी उभा राहून सगळं ऐकलं. पवित्र म्हणजे काय, तर वेगळं केलेलं. देवासाठी वेगळं काढून ठेवलेलं. हाच शब्द ना? सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी जयसिंगरावांनी तर वहीत लिहून घेतला. मला मात्र तो शब्द घशाखाली उतरेना. वेगळं म्हटलं की तुम्हाला देव आठवतो, साहेब. आम्हाला भांडं आठवतं. माझ्या आजोबांना गावात चहा मिळायचा तो दाराबाहेर खुंटीला टांगलेल्या कपात, वेगळ्या. जयसिंगरावांच्या आजोबांनाही तसाच मिळत असणार — आता ते बंगल्यात राहतात म्हणून त्यांचे आजोबा काही वेशीच्या आत जन्मले नव्हते. ते ऐकायला आवडत नाही त्यांना. नसेना का.

आणि आपल्याकडे काय? सगळी मंडळी वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकते, द्राक्षारसाचा एकच प्याला, सगळ्यांच्या ओठांना. सरुबाईला तेवढा शेजारचा छोटा, स्टीलचा. ती सगळ्यात शेवटी यायची, एकटी. तुम्ही पहिल्याच महिन्यात मला विचारलंत, हा छोटा कशाला? मी म्हणालो, तिला खोकला असतो. तुम्ही 'बरं' म्हणालात. नाही, दोष देत नाही, पण 'बरं' म्हणालात हे खरं. तिला खोकला होता, खोटं नाही ते. औषध घेतलं, वर्षाच्या आत बरी झाली, डॉक्टरचा कागदही आणून दाखवला होता बिचारीनं. खोकला गेला, प्याला राहिला. अकरा वर्षं राहिला. कारण खोकल्याचा प्रश्न कधी नव्हताच. ती कॉर्पोरेशनची झाडूवाली. पहाटे गटारात हात घालते, आणि त्याच हाताने — नाही, हे कुणी बोललं नाही. आपल्याकडे असलं कुणी बोलत नाही, आपण सुधारलेले. जयसिंगरावांच्या विजयमालाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, काहीतरी करा हो. मग करणाऱ्याने केलं.

कोणी केलं, विचारा की. विचारत नाही तुम्ही. तुम्हाला वाटतंय पंचांनी ठराव केला असेल. कसला ठराव — मी बोहरी आळीत भांड्यांच्या दुकानात गेलो, तो प्याला मी निवडला, बाकीच्यांत मिसळू नये म्हणून तळाला खूण करून घेतली. त्या बाईंनी 'काहीतरी' म्हटलं होतं. 'प्याला' मी म्हटलं. आणि धुताना तो मी शेवटी धुवायचो, वेगळ्या फडक्याने. आता बघताय तसं बघू नका. तुम्हाला हे सांगायचं नव्हतं मला, मला जयसिंगरावांबद्दल सांगायचं होतं.

बरं, निघालंच तोंडातून, तर पुढचं ऐका. दिवाळीनंतर एके सकाळी फाटक उघडताना मला चक्कर आली. पडलो तिथेच. दूधवाले गेले, शाळेच्या रिक्षा गेल्या. सरुबाई झाडत येत होती. तिने झाडू टाकला, मला उठवलं, खांद्याचा आधार देऊन कासेवाडीत स्वतःच्या खोलीवर नेलं. चहा टाकला. मी म्हणालो, नको, तोंड धुतलं नाही अजून. असं मी नेहमीच काहीतरी म्हणायचो. नाताळचा फराळ घेऊन यायची, तर मी म्हणायचो, ओट्यावर ठेव, नंतर खातो. खाल्ला नाही कधी. तिला काय कळत नव्हतं? तर ती पाटावर चढून फळीवरचा एक कप काढते, कागदात गुंडाळलेला, फुलांचा, कोरा. धुते, त्यात चहा ओतते नि म्हणते, 'घ्या दादा, निवांत प्या. ह्यात आमचं कुणी प्यालेलं नाय. तुमच्यासाठीच वेगळा ठेवलाय.'

रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. टोमणा मारला असता तर मीही दोन शब्द बोललो असतो. मायेने म्हणाली हो. कधी काळी मी तिच्या दारात येईन, आणि माझी अडचण व्हायला नको, म्हणून कप घेऊन ठेवला होता. किती वर्षं, ते मी विचारलं नाही. प्यालो मी चहा. तुम्ही चार रविवार बोललात ते मला त्या खोलीत कळलं, साहेब, आणि कळल्यावर माझी मान वर होईना.

म्हणून पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी स्टीलचा प्याला मांडलाच नाही. एवढंच करून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या अंगात आलं होतं. शेवटच्या बाकावरून मी तिला उठवलं, हाताला धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं, अगदी विजयमालाबाईंच्या शेजारी. तुम्ही मोठा प्याला तिच्या ओठांना लावलात, आणि त्यानंतर विजयमालाबाई तोंडाला पदर लावून उठल्या, त्यांच्यामागे आणखी चौघी. गैरप्रकार म्हणायचा तर तो. त्यांच्याकडून कुणी अंगठा घेतला का? नाही. त्यांना सह्या येतात.

मी मात्र त्या वेळी खूश होतो, सांगतो तुम्हाला. बघा म्हटलं, कशा उठल्या. त्यांच्याकडे बघत राहिलो, सरुबाईकडे बघितलंच नाही. ती गुडघ्यावर होती, ओठ पुसत होती — पुसत काय होती, घासत होती पदराने, जणू तिचंच तोंड घाण झालंय. मग उठली नि मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, बाहेर. अकरा वर्षं ती वेगळा प्याला सोसत होती, पण तिचं वेगळेपण असं भरसभेत कुणी उचलून दाखवलं नव्हतं. ते मी केलं. तिला एका शब्दाने विचारलं नाही, बाई, येतेस का पुढे? तेव्हा वेगळी केली न विचारता, आता एकत्र केली न विचारता.

त्यानंतर ती आलेली नाही. लोणी काळभोरला लेकीकडे जाऊन राहिली आहे, रजा टाकून. म्हणते, पुन्हा चर्चची पायरी चढणार नाही. लेकीने निरोप धाडला. तो तुम्हाला कुणी सांगितला नसेल. पंचांना विजयमालाबाई कधी येणार याची काळजी.

तेव्हा हा कागद घेऊन जा. माफी मागायची आहे मला, भरपूर मागायची आहे, पण त्यांची नाही. नोकरी काढून घेतील? घेऊ द्या. मी उद्या पूलगेटवरून बस धरतो. लोणीला जाईन, तिच्या दाराशी बसेन, अकरा वर्षांचं सांगेन — प्याला कुणी आणला होता ते. तिला वाटतं पंचांनी आणला.

काय म्हणता? तुम्ही येता? स्कूटरवर नेता?

नको. तुम्ही भले आहात, पण नको. पाळक दारात आला की ती उठून उभी राहील, पदर सावरेल, हो साहेब म्हणेल, नि पुढच्या रविवारी मान खाली घालून येऊन बसेल. तुम्हाला ती नाही म्हणणार नाही. मला म्हणू शकेल. तेवढी एक जागा तरी तिला राहू द्या.

उठा आता. मला दारं लावायची आहेत.