वरचा थर

नीतिमत्तेचं नाव काढू नका माझ्यासमोर, अजून डोकं फिरतं! दोन हजार तीन-चारची गोष्ट. एमबीए करून मी नाशकात एका द्राक्षांच्या कंपनीत मॅनेजर म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी साहेबांनी पेटी उघडून दाखवली. "वरच्या थरात टपोरे घड, खाली आंबट माल. वरचा थर म्हणजे मार्केटिंग!"

मी म्हटलं, "साहेब, ही फसवणूक आहे."

तर म्हणे, "नवा आहेस. शिकशील."

महिन्याभरात माझ्याच कॉलेजने साहेबांचं व्याख्यान ठेवलं. विषय काय, तर 'व्यवसायातली नीतिमत्ता'! भाषण लिहायला लावलं मला. टाळ्या काय पडल्या! वर कॉलेजने शाल, नारळ आणि बाजारातून आणलेली द्राक्षांची पेटी दिली.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "अरे, वर चांगली आणि खाली सगळी आंबट! लाजच नाही राहिली लोकांना!"

मी म्हटलं, "साहेब, पेटीवरचं नाव वाचा."

फोनवर पेटी फिरवल्याचा आवाज आला. मग माझ्यावरच खेकसले, "गाढवा, मग ती आपल्याच माणसाला गेली कशी?"