मार्थामावशीचं कुंकू

आमच्या आर्वीच्या मार्थामावशीचं ऐका. तिनं बाप्तिस्मा घेतला, पण कुंकू काही सोडलं नाही. नवरा हिंदूच राहिलेला. पास्टर दर रविवारी टोकायचे, "मार्थाबाई, ख्रिस्ती झाल्या ना? मग पुसा ते." मावशीचं उत्तर एकच, "माहा नवरा जित्ता हाये."

यंदा नवरा गेला. समुद्रपूरहून नणंद आली. गळ्यात पडून रडली अन् म्हणाली, "वहिनी, पुसा आता कुंकू." पास्टर दारातच उभे होते. तेही म्हणाले, "आतातरी पुसा." इतक्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, राजेहो!

मावशीनं रडतरडतच तळहातानं कपाळ झाकलं. म्हणाली, "येशू आला असता, तं त्यानं पह्यले इचारलं असतं, बाई, काऊन रडून राह्यली?"