ताण्याले ऊन

अमरावतीत कापसाच्या गाड्या शेठच्या नव्या तिमजली माडीसमोर ओळीनं थांबल्या होत्या. माझ्यापुढच्या गाडीवर दर्यापूरकडचे उकंडराव पाटील होते. माडीमागच्या गल्लीतली विणकर हलीमाबी त्यांना शोधत आली.

"पाटील, तुमच्या लेकीचं लुगडं अजून मागावर चढलं नाही."

"अवो, लगन तोंडावर आलं! सूत तं मी दिवाळीलेच देल्लं होतं."

"सूत रंगवून ठेवलं हाय. पण खळ लावली का ताणा, म्हंजे मागाचं उभं सूत, सुकवाले ऊन पाहिजे. सारी उमर आमी या गल्लीतच ताणा पसरला."

"मंग यंदा काहून नाही?"

"वर पाहा ना. हे माडी उठली तसं सकाळचं ऊन गल्लीत उतरतच नाही. दोनदा ताण्याले बुरशी लागली."

"शेठले सांगा लागत होतं."

"सांगतलं. तो म्हने, अमेरिकेतल्या लढाईनं कापसाले भाव आला, आनखी एक साल चालली तं चौथा मजला चढवतो."

"चढवन. आमीच त्याच्या दारात कापूस ओतून राहिलो."

"माह्या पोरानं एक जागा पाहिली, पाटील. लंबी हाय, मोकळी हाय, दिवसभर ऊन."

"मंग पसर ना तिथं! मले काय इचारतं?"

"कबरस्तान हाय. लग्नाचं लुगडं, म्हनून इचाराले आली."

पुढची गाडी सरकली. उकंडरावांनी बैल हाकलले नाहीत.

"तिथं तं कोनी माडी बांधनार नाही ना?"

"नाही, पाटील."

"मंग पसर."