चारांतला एकच भाग

खालापूरच्या एसटी थांब्यावर ओमकारच्या पाठीमागे दोन बायका बोलत होत्या.

"मोरूदादा घरीच गं, येसू?"

"कंपनीनं बसवलं, नूरबानो. पुसताना ह्यांचा हात बटनाला लागला न् सर्व्हर बंद पडला म्हनं."

"लागला होता?"

"आधी नाय म्हनायचे. आता म्हनतात, लागला असंल. साहेब लोक खोटं कशाला बोलतील?"

ओमकारने मान वळवली नाही. त्या एकाच सर्व्हरचे चार स्वतंत्र भाग केलेले होते. बटण दाबले गेले असते, तर चारही बंद पडले असते. पडला तो एकच. आणि तो बंद करण्याची आज्ञा, दुसराच भाग समजून, त्याने स्वतः दिली होती.

"मग कुठं निघालीस?"

"ओमकारसाहेबांकडं. पोलिसांत देऊ नका, गरीब हाय, असं ते एकटेच बोलले. गाय व्यालीय, खरवस केलाय त्यांच्यासाठी."

"ओळखशील त्यांना?"

"नाय बा. ओ दादा, तुमचा गळ्यातला पट्टा त्याच कंपनीचा ना? ओमकारसाहेब भेटतील का?"

ओमकारने ओळखपत्र उलटे केले.

"आज ते रजेवर आहेत."

"मग तुमीच द्या त्यांना. डबा सांभाळून धरा, दादा. अजून कोमट हाय."