बर्फ बदलायचा राहिला

हॅलो? … मद्रास? … हो बाई, सीतारामरावच बोलतोय तंजावूरहून. द्या त्याला… त्यागू? अरे, मी, तुझा बाप!

हो, हो, सगळे बरे आहेत. शेजारच्या अलमेलुबाईंनी ट्रंक कॉल लावून दिला… माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? ऐक आधी.

तू मद्रासला जाताना माझ्यावर सोपवलेला तो थर्मास… हो, मेंढरांच्या मेंदूतल्या अर्काचा… नाही, फुटला नाही. बर्फ बदलला नाही मी… सकाळी नाही, संध्याकाळीही नाही.

अरे, काल तुझ्या आजोबांचं श्राद्ध. मी सोवळ्यात, त्याला हात कसा लावू? जेवल्यावर बदलू म्हटलं. जेवलो, आणि डोळा लागला… थर्मास कुठे होता म्हणजे? बाहेर, तिण्णईच्या ओट्यावर. मेंढरांची डोकी हाताळतोस म्हणून तुझं पान जिथं मांडतो, तिथंच… हो. उन्हात.

उघडून पाहिलं. वास येतोय… गेलं ना सगळं? … किती डोकी होती? … तीन हजार! अय्यो…

मांजरानं सांडलं, असं सांगणार होतो. जीभ वळली नाही… बोल ना रे. ओरड तरी.

तू म्हणाला होतास, या अर्कानं खुंटलेली पोरं वाढतील. त्याची घडण एकदा कळली की प्रयोगशाळेतच बनवता येईल, मग एकही मेंढरू लागणार नाही… आणि मी काय म्हणालो? आधी आंघोळ कर. एवढंच… आठवतंय रे मला. लाज वाटते.

काय बाई? तीन मिनिटं झाली? अजून तीन द्या!

त्यागू, पुन्हा जमव… मार्चमध्ये प्रयोगशाळावाले काम बंद करणार? … दोन महिन्यांत निम्मं तरी होईल? निम्म्यानं भागेल? … तुलाही माहीत नाही… हं.

खाटिकखान्यात एकटाच जातोस? पहाटे? … बर्फाची बादली कोण धरतं? … सायकलच्या हँडलला? वितळत असेल की!

मी येतो… अरे, येतो म्हणतोय ना! आत नाही येणार. दारात उभा राहीन, तिकडे बघणार नाही. पण बादली धरीन… माझ्या सोवळ्याचं मी बघतो.

त्यागू? … रडू नकोस रे… सरी, सरी, बरं. शुक्रवारी ये. पान आत मांडतो… हो, स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी… काय? आंघोळ?

नको. आधी जेव… ठेवतो.