आमच्या विहिरीचं सुशोभीकरण

आमचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, म्हणून आम्ही इंदूरचे, आणि नवरा गेल्यापासून राजेंद्र नगरात आटाचक्की मीच चालवते, चक्कीसमोर बगीचा, बगीच्यात विहीर. काय सांगू तुम्हाला, त्या विहिरीत सगळी गल्ली कचरा टाकायची, उन्हाळ्यात बोअर सुकायचे, मग टँकरपाशी बायका भांडायच्या, मी पण भांडलेय, खोटं कशाला बोलू.

मग सगळ्यांनी मिळून गाळ काढला आणि ठरलं की प्रत्येक छताचं पावसाचं पाणी पाइपानं विहिरीत सोडायचं. आता लोक हो म्हणतात आणि विसरतात, म्हणून मी सांगूनच टाकलं, ज्याच्या घरचा पाइप जोडला नाही त्याचा गहू मी दळणार नाही. हसू नका, सगळे जोडले गेले. तेव्हा सरकारी ऑफिसात एक इंजिनीअर होते, बिचारे स्वतः आले, उतार बघून दिला, रस्ता खोदायची परवानगी दिली, म्हणाले, आप लोग करो, मैं बैठा हूँ. बस, सरकारनं एवढंच करायचं असतं हो. दोन उन्हाळे टँकर लागला नाही.

त्यांची बदली झाली. नवे साहेब आले, ठेकेदाराला म्हणाले, भिया, इसको मॉडल बनाएँगे. मॉडल! आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. चारी बाजूंनी फरशा ठोकल्या, वर जाळी, जाळीवर कारंज्याचा फवारा, आणि आमचे पाइप वाईट दिसतात म्हणून कापून टाकले. मी म्हटलं, साहेबजी, विहिरीत पाणी कुठून येणार, तर म्हणतात, अम्माजी, आप फोटो में आगे खड़े रहना. तो अख्खा पावसाळा छतांचं पाणी नालीत गेलं. उन्हाळ्यात उद्घाटन, विहीर कोरडी, तर टँकर बोलावून विहिरीत ओतला, आमच्या डोळ्यांदेखत, आणि वर टाळ्या. शी! मी उठून चक्कीत येऊन बसले.

आता फवारा बंद पडलाय, टँकर परत चक्कीसमोर उभा राहतो, बायका परत भांडतात. तुमच्या गल्लीत विहीर असेल तर देव तिला पाणी देवो आणि असल्या साहेबांपासून लांब ठेवो. परवा शेजारची वहिनी डबा घेऊन आली, म्हणाली, ताई, आमचा पाइप परत जोडू का? मी म्हटलं, कशाला, परत कापायला? डबा ठेव तिथे. आता कोणीही येवो, मी काही विचारत नाही, दळून देते.