पांढऱ्या डोंगराचा मुक्काम

नाही, मी म्हणते, विचारायचंच कशाला मग? नसतं विचारलं तर मी काय रुसून कोपऱ्यात बसणार होते? पण विचारलं, सगळ्यांच्या देखत विचारलं, आणि किती वेळा विचारलं? एकदा! तुम्हाला सांगते, एकदाच विचारलं हो, एकदाच!

आम्ही इटलीला चाललोय. हसा, हसा. जिना चढवत नाही म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाईकडे चहाला जायचं सोडलं मी, आणि निघालेय कुठं, तर इटलीला! आमच्या चिरंजीवांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे कसं, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं आणि टीव्हीवर नकाशा लावला, भिंतभर. तो देश बुटासारखा आहे म्हणे. आहे खरा. मी म्हटलं, ‘अरे, एकच बूट? जोडीचा कुठं ठेवला?’ तर नात तेवढी हसली. सूनबाई वहीपेन घेऊन तयार, आणि विहीणबाई चष्मा पुसत होत्या. हो, विहीणबाईपण येणार आहेत. सूनबाईंच्या आई. मी कुठं काही म्हणतेय? येऊ देत की.

तर चिरंजीव उभा राहिला, ऑफिसात हाताखालच्या लोकांना सांगतो ना तसा, आणि म्हणाला, ‘हे बघा, देश मोठा, रजा थोडी. प्रत्येकानं एक जागा सांगायची. एकाला एक. नंतर वाद नको.’

त्याचं वाक्य संपायच्या आत विहीणबाई, ‘व्हेनिस!’

अहो, श्वास तरी घ्या! ‘मला बाई त्या पाण्यातल्या गल्ल्या बघायच्यात, ती काळी लांब होडी, आणि तो होडीवाला, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून गाणं म्हणतो ना, तो!’ बाईंना पोहता येत नाही. बादलीत हात घालताना बांगड्या वर सारतात त्या. पण होडी पाहिजे, आणि होडीवाला गाणारा पाहिजे. बरं. मग सूनबाई म्हणाल्या, ‘मला फ्लॉरेन्स. चित्रं बघायचीत. शांतपणे. एकटीनं.’ आणि ‘एकटीनं’ म्हणताना नवऱ्याकडे असं बघितलं की तो लगेच नातीकडे वळला. नातीला मिलान, तिथल्या दुकानांच्या काचा बघायच्या आहेत तिला. आत नाही जायचं, काचाच बघायच्या! आणि चिरंजीवांना रोम. मोठं गोल पडकं काहीतरी आहे तिथं, पूर्वी माणसं आणि सिंह एकमेकांवर सोडायचे म्हणे. म्हटलं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला, आमची सोसायटीची मीटिंग बघ की!

आणि मग माझ्याकडे वळून, ‘आई, तुला?’

आता मला सांगा. माझ्या मनात होती जागा. एवढी तयार होती, जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. पण आपण असं लगेच सांगतो का हो? कुणी म्हणालं ‘चहा घेता का?’ की आपण म्हणतो, ‘नको, नको, आत्ताच झाला.’ मग ते म्हणतात, ‘असं कसं, अर्धा कप तरी!’ मग आपण म्हणतो, ‘बरं बाई, अगदी अर्धा,’ आणि भरलेला कप पिऊन उठतो. मी जन्मभर असाच चहा प्यायलेय. तर त्याच चालीवर मी म्हटलं, ‘मला काय रे, तुम्ही जाल तिथं मी.’ आणि थांबले. पदर नीट केला. म्हटलं आता म्हणेल, ‘असं कसं आई, सांग ना!’

तो म्हणाला, ‘ग्रेट! म्हणजे चारच झाल्या!’

संपलं! टकटक टकटक करून त्यानं ते कॉम्प्युटरात घातलंसुद्धा. माझा कप येण्याआधी किटलीच उचलून नेली! एकदाच विचारलं हो, एकदाच!

जागा कुठली होती, विचाराल. तेच सांगते. पण त्याच्याआधी आमच्या यांचं सांगायला पाहिजे.

हे फरशी बसवायचे. मिस्त्री होते. साध्या फरशीपासून सुरुवात केली आणि हात इतका बसला की नंतर नंतर फक्त मार्बलचीच कामं, आणि तेही बाहेरचं, इटलीचं. ज्याच्या घरात ते लागायचं तो माणूस आधी दारातच बजावायचा, ‘मिस्त्री, तुकडा उडाला तर बघा हं!’ हे गुडघ्यावर बसून, गाल जमिनीला लावून एक डोळा मिटून बघायचे, लादी बसली की नाही. सांध्यात नख अडकता कामा नये. असं रांगत रांगत या माणसानं अख्ख्या शहरातले दिवाणखाने पालथे घातले. आणि आमच्या घरात काय? सिमेंटचा कोबा! मी म्हणायचे, ‘अहो, दोन लाद्या आपल्याही घरात येऊ देत की,’ तर एकदा कोपरा तुटलेला तुकडा घेऊन आले, मी त्यावर भाजी चिरायचे.

ज्या दुकानातून माल यायचा त्यांनी एकदा भिंतीवरचं कॅलेंडर दिलं. त्यात डोंगराचं चित्र, पांढराशुभ्र डोंगर. मी म्हटलं, ‘बर्फ पडलाय.’ तर हे हसले, ‘बर्फ नाही गं, तोच दगड आहे. अख्खा डोंगर आतून बाहेरून तसाच. आपण बसवतो त्या सगळ्या लाद्या याच्या लेकी.’ वर्ष संपलं तरी ते पान काढलं नाही त्यांनी. जेवता जेवता त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘याच्या इतक्या लेकी मी चांगल्या चांगल्या घरी दिल्या. एकदा जाऊन बापाला सांगून यायला पाहिजे, सगळ्या सुखात आहेत म्हणून. नुसता हात लावायचा त्याला आणि परत यायचं.’ मी म्हणायचे, ‘लेकी दिल्यात त्या घरी तरी कुणी बोलावतं का तुम्हाला?’ तर मान खाली घालून जेवायला लागायचे. कारण फरशीला एकदा चकाकी आली की मिस्त्रीचं पाऊल नको असतं कुणाला. खोटं नाही सांगत.

आणि ती चकाकी येण्याआधीची धूळ! पाणी सोडून कापलं तर धूळ बसते, पण पाण्यानं लोकांच्या भिंती खराब होतात. म्हणून कोरडं कापायचं. खोली बंद, कटर चालू, आणि हे त्यात. घरी यायचे ते पिठाच्या डब्यातून काढल्यासारखे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी दारातच उभं करून झटकायचे त्यांना, आणि थट्टा करायचे, ‘या, म्हातारे झालात वाटतं आज!’ तर खरे म्हातारे व्हायची वेळच आली नाही. खोकला लागला. वाटलं, जाईल. गेला नाही. शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, आणि तिथंही पांढरंच… हे त्या फोटोकडे बघून काय म्हणाले माहितीये? म्हणाले, ‘अगं, बसलीये बघ कशी, एकसारखी.’

मी हसले हो तेव्हा. काय करणार… हसलेच.

तर मला तो डोंगर बघायचा होता. यांचा निरोप सांगायचा होता त्याला, लेकी सुखात आहेत म्हणून. आणि माझा स्वतःचाही एक प्रश्न होता त्याला, की बाबा रे, एवढा मोठा तू, तुला माझा एक माणूस कशाला लागत होता?

आता हे टीव्हीसमोर, नकाशासमोर, विहीणबाईंच्या होडीनंतर कसं सांगायचं? म्हणून मी आडून आडून सुचवायला लागले. चिरंजीव जेवत असताना म्हटलं, ‘तिकडे डोंगर असतील नाही रे?’ तो म्हणाला, ‘आई, गुडघे.’ एवढंच! डोंगर म्हटलं की गुडघे. सूनबाईंना म्हटलं, ‘त्या देशात दगड बरा मिळतो म्हणे.’ त्या म्हणाल्या, ‘आई, सामानाला वजनाची मर्यादा असते.’ सहलवाला घरी आला, गळ्यात टाय, हातात रंगीत पुस्तकं, त्याला म्हटलं, ‘मार्बल कुठं बघायला मिळेल?’ तर म्हणाला, ‘आजी, काळजीच नको, प्रत्येक हॉटेलचं बाथरूम फुल मार्बल!’ म्हणजे नवऱ्याचा निरोप मी आता न्हाणीघरात सांगायचा?

मी नाद सोडला. एकदाच विचारलं होतं, संधी गेली, मला काय, तुम्ही जाल तिथं मी.

पण मग एके दिवशी सहलवाला पुन्हा आला आणि म्हणाला, ‘गाड्यांच्या वेळा जुळवताना मध्ये एक दिवस मोकळा निघतोय साहेब. पिसाला टाका एक मुक्काम. कलता मनोरा.’ आणि विहीणबाई टुणकन, ‘हो हो हो! त्या मनोऱ्याला हात टेकून फोटो काढतात ना, पडताना सावरल्यासारखा? मला काढायचाय!’

एकाला एक, असं ठरलं होतं ना? मग विहीणबाईंना होडीपण आणि मनोरापण? तुम्हाला सांगते, माझं डोकंच सरकलं. मी म्हटलं, ‘मनोरा पडायचा असेल तर पडू दे! मला तो पांढरा डोंगर बघायचाय. यांचा. मार्बलचा.’

नातीनं कानातलं गाणं काढलं. सहलवाल्यानं आपलं बोट नकाशावर सरकवलं, सरकवलं आणि खुशीत ओरडला, ‘अहो आजी, पिसापासून जवळच आहे की! खाणीपर्यंत गाडी जाते, चालायलाही नको!’

गुडघ्यांचापण प्रश्न सुटला! मी चिरंजीवाकडे बघितलं. सूनबाई हळूच म्हणाल्या, ‘अहो, होण्यासारखं आहे.’ आणि त्यानं कॉम्प्युटर मिटला, उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी गेले मागोमाग. म्हटलं, ‘काय झालं रे? त्या चार जागांत माझी एकही नाही ना?’

तर पाठ न वळवता म्हणाला, ‘आई, तुला डबा आठवतो?’

नाही कसा आठवणार! हा लहान होता तेव्हा सुट्टीत यांचा डबा पोचवायचा. एकदा गेला तर कामाच्या जागी सगळे मिस्त्री, हेल्पर जेवायला ओळीनं बसलेले, सगळे पांढरे. डोकं पांढरं, तोंड पांढरं. यानं डबा नेऊन भलत्याच माणसाच्या हातात दिला. बाप शेजारीच बसला होता. घरी आल्यावर हे हसून हसून सांगत होते, ‘पोरानं आज मला वाळीत टाकलं!’ सगळ्यांना सांगायचे. आमच्या घरातली हसायची गोष्ट होती हो ती.

तो म्हणाला, ‘तुम्ही हसत होता. मी आत जाऊन रडत होतो. मला माझा बाप ओळखू आला नव्हता, आई.’ मग म्हणाला, ‘त्या दगडाचं तोंड मला बघायचं नाही. मी घरात एक लादी लावू दिली नाही, बघितलंस ना तू? सगळीकडे लाकडी.’

मी बघितलं होतं. मला वाटायचं, फॅशन असेल.

एवढी वर्षं एका घरात राहतोय, आणि मी कधी विचारलं नाही, की बाबा रे, लाकडीच का? मला म्हणाल, तू तर बाई एकदाच विचारलं म्हणून नाक मुरडतेस! मी तर त्याला एकदाही… जाऊ दे.

मग तो आत आला, नाक ओढलं, सहलवाल्याला म्हणाला, ‘टाका. डोंगर टाका. आईची जागा आहे ती. हे सगळे वर जातील. मी खाली गावात थांबेन, कुठं कॉफीबिफी पीत.’

मिळाला की नाही मुक्काम? सगळे खूश. नातीनं माझा गालगुच्चा घेतला. सूनबाई म्हणाल्या, ‘आई, पहिल्यांदाच का नाही बोललात?’ पहिल्यांदाच म्हणे! एकदाच विचारलं हो, एकदाच!

पण मला काही गोड लागेना. आपण वर त्या डोंगराला हात लावून यांचा निरोप सांगतोय, आणि खाली आमचं पोर एकटं, परक्या गावात, कपात बघत बसलंय. हे असते तर काय म्हणाले असते? ‘त्याला सोडून आलीस?’ हेच म्हणाले असते. डोंगर काय, कुठं पळून जात नाही. लेकरू आधीच एकदा आत जाऊन एकटं रडलंय, आणि आम्ही दोघं बाहेर हसत होतो.

मी सकाळी चिरंजीवाला सांगितलं, ‘मीपण खाली बसणार तुझ्याबरोबर.’ तो म्हणाला, ‘अगं आई, तुझाच मुक्काम आहे तो!’ मी म्हटलं, ‘गुडघे.’

मग पाठीवर हात ठेवून गेला ऑफिसात.

तर आता असं ठरलंय. डोंगर माझा, नवरा माझा, आणि वर जाणार कोण, तर विहीणबाई! सूनबाई आणि नात त्यांना धरून नेणार. मी त्यांना बसवून नीट सांगितलंय, ‘विहीणबाई, फोटो काढा, काय हवं ते करा, पण त्या दगडाला माझ्यावतीनं हात लावा. अख्खा तळवा. आणि म्हणा, मिस्त्रींनी सांगितलंय, लेकी सुखात आहेत.’ त्या चक्क म्हणाल्या, ‘हो हो, सांगते की.’ एकदाच म्हटलं तर लगेच हो! बाईंचं हे बरंय. म्हटलं, ‘आणि खाली येईपर्यंत हात धुऊ नका. मला बघायचाय तो हात.’ तर ‘ईऽऽ, का हो?’

म्हटलं, ‘असंच. किती पांढरा होतो ते बघायचंय.’

‘बरं बाई,’ म्हणाल्या. हो म्हणाल्यात. पण त्यांच्या पर्समध्ये ते ओले कागदी रुमाल असतात हो, पाकिटंच्या पाकिटं. पुसतील. दोन्ही हात पुसतील, बोटाबोटांमधनं पुसतील, आणि छान वास येत खाली येतील…